मागून आणलेलं मांजर

सरकी पेंडीच्या पोत्याला उंदीर नेहमी खालून भोक पाडतो. वरून शिवण शाबूत दिसते, आणि पोतं उचललं की पायावर पेंडीची धार लागते. मागच्या हिवाळ्यात माझ्या दुकानात रोज एखादं पोतं असं सांडायचं, आणि रोज मी डाव्या हाताच्या भिंतीकडं बघून शिव्या द्यायचे.

त्या भिंतीपलीकडं एक रिकामी खोली आहे आणि खोलीपलीकडं किराणा दुकान. दोन्ही एकाच माणसाचं. त्याला सगळं नांदूरघाट आप्पा म्हणतं, मीही तोंडावर आप्पाच म्हणते. खोलीचं कुलूप मी कधी उघडलेलं पाहिलं नाही. आत जुने तेलाचे डबे, तागाच्या गोण्या आणि मोडक्या खोक्यांचा ढीग आहे. उंदरांनी तिथं राहायचं आणि जेवायला माझ्याकडं यायचं, असं चाललं होतं. आप्पाच्या दुकानात ते फारसे जात नव्हते, कारण त्याच्याकडं एक काळीपांढरी मांजरी होती. अंगानं सुतळीसारखी, पण उंदीर दिसला की ती सोडत नसे.

मांजरी माझ्याकडंही होती, भुरी. एका बाजारच्या दिवशी ती कुठूनशी आली आणि वजनकाट्यावर जाऊन बसली. गिऱ्हाईक भुशाचं पोतं घेऊन उभं, आणि ही उठायला तयार नाही. तिला कुणी आणलं नव्हतं, मी कुणाकडं मागितली नव्हती. म्हणूनच ती मला आवडली असावी. पण आता ती थकली होती. एका डोळ्यावर पांढरा सारा आलेला, त्या बाजूचं दिसत नसे. दिवसाला एक उंदीर धरायची, त्याच्याशी तासभर खेळायची आणि पोत्यावर चढून झोपायची. बाकीचे उंदीर तिच्या शेपटीशेजारून जायचे.

औषध टाकता येत नव्हतं. जनावराचं खाद्य विकणाऱ्या दुकानात विष ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी म्हशीला मारणं. पिंजरे लावले. दोन दिवस एकेक सापडला, मग उंदीर पिंजऱ्याला वळसा घालून जायला लागले.

"आत्याबाई, अजून एक मांजर आणू," सून म्हणाली.

"एकीला दूध घालतेय तेवढं बास हाय."

"भुरी म्हातारी झालीय. तिलाबी सोबत व्हईल."

तिनं मोबाईलवर बघून ठेवलं होतं. दुसरं मांजर आणलं की पहिले काही दिवस दोघांना वेगळ्या खोलीत ठेवायचं, एकीचं अंथरूण दुसरीला हुंगायला द्यायचं, मग हळूहळू भेट घडवायची.

"मांजराला वेगळी खोली," मी म्हणाले. "मला लग्न झाल्यावर चार वर्षं न्हवती."

ती हसली आणि पेंड भरता भरता, जणू आत्ताच आठवल्यासारखं, म्हणाली, "आप्पाच्या मांजरीला चार पिल्लं झालीत."

मी तिच्या हातातलं माप काढून घेतलं आणि आतल्या कामाला लावलं. मला हा विषय का बंद करायचा होता ते तिला माहीत नव्हतं. ती या घरात आली तेव्हा ते सगळं होऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

माझं माहेर आणि सासर दोन्ही मेंढपाळांची. आमचे मालक मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर असायचे. घरी मी, लेकरं आणि आठ-दहा शेळ्या. त्यातल्या दोन विकायला म्हणून मी पहिल्यांदा बाजारात उभी राहिले आणि मग उभीच राहिले. शेळ्या घ्यायच्या, पोसायच्या, विकायच्या. जनावरांच्या बाजारात पुरुष भाव करतात तो रुमालाखाली. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबून आकडा ठरतो, शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. बाईचा हात रुमालाखाली कोण घेणार? मला माझा भाव तोंडानं, चारचौघांत सांगावा लागायचा आणि तो ऐकून दहाजण मध्ये तोंड घालायचे. त्यातून मी माझी रीत काढली. जी शेळी घ्यायची तिच्याकडं बघायचंच नाही. दुसरीला हात लावायचा. आणि जाता जाता हवी ती शेळी दाखवून म्हणायचं, हिची कास बघा कशी, हिचा पाय बघा, ही कोण नेणार. शेळीचा मालक चिडतो, मग घाबरतो, मग स्वतःच म्हणतो, बोला बाई, काय देता. या रीतीवर मी माझं घर उभं केलं. मला त्यात कुणी हरवलं नाही.

चार पैसे जमल्यावर वाटलं, पेंड-भुसा विकावा. शेळ्या-म्हशीवाले सगळे ओळखीचे होते. जागा हवी होती. आप्पाची ही खोली तेव्हाही रिकामीच होती. बाजारच्या दिवशी, भर दुपारी, मी त्याच्या दुकानापुढं गेले. तो गादीवर बसून गूळ जोखत होता. पांढरीशुभ्र चादर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. समोर सहा-सात गिऱ्हाइकं, त्यातले निम्मे माझ्याकडून शेळ्या नेणारे.

मी म्हणाले, "आप्पा, ती खोली मला भाड्यानं द्या."

त्यानं मान वर केली नाही. गुळाचा एक खडा पारड्यातून काढला, दुसरा टाकला, आणि म्हणाला, "तुला देण्यापरीस उंदरांला दिल्याली बरी. त्यांच्या अंगाला शेरडाचा वास तरी येत न्हाई."

हसू एवढं झालं की एकाच्या हातातला चहा सांडला. जे हसले ते त्याच आठवड्यात पुन्हा माझ्याकडं शेळी बघायला आले, आणि मी त्यांना ती महाग दिली. त्यांचा हिशोब संपला. आप्पाचा राहिला. त्या दिवशी मी एक ठरवलं: इथून पुढं कुणाकडं काही मागायचं नाही. हवं ते भाव करून घ्यायचं. भाव करताना माणूस समोरासमोर असतो. मागताना खाली असतो.

पुढं खोलीच्या या बाजूचं दुकान विकायला निघालं. मालकाला पोरांच्या क्लाससाठी बीडला राहायला जायचं होतं. आप्पाचाही त्या जागेवर डोळा होता. मी तीन दिवस त्या मालकाच्या दारात बसले, भिंतीला ओल आहे म्हणाले, रस्ता खाली आहे म्हणाले, आणि जागा घेतली, पुढं दुकान आणि मागं घर. त्यानंतर आप्पा मला आक्का म्हणायला लागला. मीही गोड बोलते. पण मी त्याच्या दुकानातून साखर घेत नाही, आणि त्याच्या म्हशीला पेंड लागली तर त्याला भाव एक पैसा कमी करत नाही.

आता पिल्लांकडं येते. सुनेनं विषय काढल्यावर आधी राग आला आणि मग विचार आला. एक दमदार मांजर माझ्याकडं आलं तर उंदीर माझ्याकडं यायचे बंद होतील. पण ते मरणार नाहीत सगळे. खोलीतच राहतील आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतील. आप्पाच्या बाजूनं. तिथं गूळ, शेंगदाणे, खोबरं. त्याची एकटी मांजरी किती पुरी पडेल? आणि हे करायचं त्याच्याच मांजरीच्या पिल्लाकडून. हे डोक्यात आलं तेव्हा मी पेंडीच्या पोत्यावर बसून एकटीच हसले. भुरीनं डोळा उघडून बघितलं.

अडचण एकच होती. आमच्याकडं गाय विकतात, शेळी विकतात, हल्ली लोक कुत्रंही विकत घेतात. मांजर कुणी विकत नाही. मांजर मागून न्यायचं असतं. घरातल्या मोठ्या माणसानं दारात जाऊन पिल्लू द्या म्हणायचं. दिलं की ते पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, आणि वाट कळू नये म्हणून दोन-चार गल्ल्या उगाच फिरून घरी आणायचं. मला भाव करता येतो. इथं भावच नव्हता.

आधी सुनेला पाठवलं. ती हात हलवत आली.

"आप्पा म्हणले, सासूला पाठव. मोठ्या माणसानं मागावं लागतंय."

"हसत म्हणला का?"

"हसत न्हाई. पान लावत व्हते."

मग मी त्याच्या म्हशीसाठी एक पोतं पेंड पाठवून दिली, काही न बोलता. संध्याकाळी पोतं परत आलं, शिवण न उसवता. सोबत निरोप, मांजराचा सौदा आमी करीत न्हाई.

तोवर तीन पिल्लं गेली होती. एक तेलगावच्या पाहुण्यांनी नेलं, दोन गावातच गेली. राहिलं होतं एक, तिरंगी. मी ते आप्पाच्या मागच्या अंगणात बघितलं होतं. चिमणीवर टाकलेली उडी बघितली होती. जनावराची पारख असली की ती शेळीपुरती राहत नाही. असलं पिल्लू शंभरात एक.

मी गेले. मागायचं नव्हतंच, माझ्या रीतीनं घ्यायचं होतं.

"या आक्का. आज इकडं कावून?"

"बडीशेप पायजे व्हती."

तो पुडी बांधायला लागला. पिल्लू शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून पंजा चाटत होतं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. तांदूळ बघितला, डाळ बघितली. मग निघता निघता म्हणाले, "हे एकच ऱ्हायलं का?"

"हां. बाकीची गेली."

"हे ऱ्हाणारच की. मागचा पाय बघा, वाकडा टाकतंय. कान पातळ हायत. उंदीर समोर आला तर हेच पळत सुटंल. आसलं कोण नेणार."

बाजारात या जागेवर समोरचा माणूस तापतो. मी वाट बघत उभी राहिले. आप्पानं पुडी खाली ठेवली, पिल्लाला उचललं, त्याचा पाय निरखला, कान उजेडात धरून बघितले.

"खरंच की वो," तो म्हणाला. "मी नीट बघितलंच न्हवतं. तुमची नजर जनावराची. बरं झालं सांगितलं, आसलं लोकाच्या गळ्यात कशाला घालायचं. ऱ्हाऊ दे आमच्याकडंच."

आणि पिल्लाला परत पोत्यावर ठेवून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मी बडीशेप घेऊन घरी आले. तो खरंच भोळेपणानं बोलला की मला ओळखून बोलला, हे मला आजही सांगता येत नाही. विकायचंच नसेल त्याच्यापुढं मालाला नावं ठेवून काय होणार, हे एवढी वर्षं बाजारात घालवलेल्या मला त्याच्या दारात कळलं. ती बडीशेप मी कुणाला खाऊ दिली नाही. बाहेर झाडून टाकली.

आता त्याच्याकडं दोन मांजरं झाली आणि माझ्याकडं एका डोळ्यानं बघणारी भुरी. जे थोडे उंदीर त्याच्या बाजूला जात असतील तेही माझ्याकडं आले. दिवसाढवळ्या पोत्यांमधून पळायला लागले. मी जिद्दीनं दोन आठवडे काढले. सुनेनं पिल्लाचं नाव काढलं नाही, फक्त रोज सकाळी सांडलेली पेंड झाडून पाटीत भरायची आणि ती पाटी माझ्यासमोर ठेवायची.

मग एक म्हैसवाला पोतं परत घेऊन आला. दहा वर्षांचं गिऱ्हाईक. बाजारचा दिवस, दुकानात माणसं. त्यानं पोतं सगळ्यांसमोर उघडलं.

"मावशी, म्हशीनं तोंड लावलं न्हाई. लेंड्या हायत पेंडीत."

मी पोतं बदलून दिलं. तो भला माणूस, नवं पोतं खांद्यावर टाकून गेला. पण मागं उभे असलेले दोघं एकमेकांकडं बघत होते, आणि त्यातला एक, "मी जरा येतो" म्हणून गेला तो आला नाही. केजच्या रस्त्याला नवीन दुकान झालं आहे, तिथं फरशी आहे, तिथं उंदीर नाहीत. माझ्याकडं लोक येतात ते माल चोख म्हणून. शेरडं राखणाऱ्या बाईनं एवढ्या वर्षांत एवढं एकच कमावलं होतं, आणि ते उंदीर खात होते.

माणसं गेल्यावर मी सुनेवर उगाच ओरडले. पोती उचलून का बघितली नाहीस, झाडू का मारला नाहीस. ती शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, तुमचं आन आप्पाचं भांडण उंदरांला म्हाईत न्हाई."

मी हातातलं माप भिंतीवर फेकलं. ते त्याच भिंतीला लागलं आणि पलीकडं खुडबूड झाली. मी पदर खोचला आणि तशीच बाहेर पडले.

आप्पाच्या दुकानात गर्दी होती. रिकामी वेळ बघून जाता आलं असतं. पण तेवढा वेळ थांबले असते तर गेलेच नसते.

"आप्पा, पिल्लू द्या मला."

त्यानं मान वर केली. या वेळी केली.

"कंचं?"

"हेच. एकच हाय."

"लंगडं?"

"लंगडं न्हाई ते. मी खोटं बोलले व्हते."

"उंदराला भितंय म्हणला व्हता की."

"तेबी खोटं."

माणसं हसली. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, कोण कोण हसतंय ते नीट बघून घेतलं. आप्पा हसला नाही. तो काट्यावरचा हात बाजूला घेऊन म्हणाला, "न्हाई, म्हणजे तुमाला पायजेच हाय का? नीट सांगा."

"पायजे हाय. मागायला आलेय. द्या."

तो लगेच उठला. पिल्लाला उचलून त्याच्या मानेखाली बोटानं खाजवलं. "पोतं आणलंय का?" मी नव्हतं आणलं. त्यानं गुळाचं रिकामं पोतं झटकलं, पिल्लू आत सोडलं, सुतळीनं तोंड बांधलं आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं दिलं. "न्या. सांभाळा चांगलं."

तेव्हा नाही म्हणाला होता त्यापेक्षा आता हो म्हणाला याचा मला जास्त राग आला. एवढ्या वर्षांत याच्यापुढं पुन्हा तोंड उघडावं लागू नये म्हणून मी काय काय केलं होतं. आणि त्यानं दिलं ते असं, जणू कधी काही झालंच नाही. तो विसरला असेल तर तेही त्याच्या खात्यावरच जातं.

पिल्लाला वाट कळू नये म्हणून मी मारुतीच्या देवळाला वळसा घातला, शाळेमागून गेले, बाजारतळ ओलांडला आणि एका खोलीचं अंतर तीन गल्ल्या करून घरी आले. लोक विचारत होते, आक्का, पोत्यात काय वरडतंय.

पुढचे आठ दिवस सुनेचे. तिनं पिल्लाला आतल्या खोलीत ठेवलं, भुरीचं फडकं त्याला आणि त्याचं तिला दिलं. भुरीनं फडक्यावर मुतून आपलं मत सांगितलं. समोरासमोर आल्यावर तिनं त्याला एक सणसणीत पंजा मारला, पिल्लू उलटं पडलं, उठलं आणि तिच्या पोटाला टेकून बसलं. तिनं दुसरा पंजा उचलला आणि तसाच ठेवून दिला. त्यानंतर दोघी एकाच पोत्यावर झोपतात. या बाबतीत सून बरोबर होती, हे मी तिला सांगितलेलं नाही.

दीड-दोन महिन्यांत पिल्लानं पहिला उंदीर मारला. मी गल्ल्यावर होते. चांगला हातभर, खोलीतला जुना रहिवासी. मला वाटलं, आता भुरीसारखं खेळत बसेल. त्यानं उंदीर तोंडात धरला, मागच्या खिडकीत उडी मारली, भिंतीवरून चालत गेलं आणि आप्पाच्या मागच्या दारातून आत शिरलं. तीन गल्ल्यांचा वळसा फुकट गेला होता. त्याला वाट पहिल्यापासून ठाऊक होती. आई होती ना त्याची तिथं.

मग आप्पाचा आवाज आला. मी हातातलं काम सोडून गेले, बघायला. सकाळची वेळ. दारात सडा टाकलेला, अगरबत्ती लावलेली, गादीवर धुतलेली चादर. त्या चादरीच्या मधोमध उंदीर, आणि आप्पा ताज्या विभूतीसकट रस्त्यावर उभा. त्याच्या घरात अंडं सुद्धा शिजत नाही. पिल्लू उंदराशेजारी बसून मागच्या दाराकडं बघून आईला हाका मारत होतं. बाजूला तेल घ्यायला आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोन.

चौथ्या दिवशी आप्पा माझ्या दुकानात आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पायरी चढला. मी स्टूल दिलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

"आक्का, तेवढं मांजर बांधून ठेवा."

"मांजर बांधत्यात का आप्पा? लेकरू हाय, आईला खाऊ आणतंय."

"रोज चादर धुवावी लागतीय. लोक नाक मुरडायल्येत."

"मी काय सांगू त्याला? तुमच्याच घरचं वळण हाय."

त्यानं चहा घेतला नाही. पेंडीच्या पोत्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "मी ती खोली उघडून साफ करून घेतो. उंदीरच ऱ्हायचे न्हाईत. तवर तुमी मागच्या खिडकीला जाळी मारा. बोला, जमतंय का?"

बोला म्हणाला तो. एखादा बाजारात म्हणतो तसं, स्टुलाच्या कडेवर बसून. मी त्याचं तोंड नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "बघते."

हे झालं त्याला तीन आठवडे झाले. खोली अजून उघडलेली नाही, तो माझ्या उत्तराची वाट बघतोय. माझी पोती आता शाबूत असतात. म्हैसवाला आता नेहमीसारखा येतो. मुलानं बीडहून खिडकीच्या मापाची जाळी आणली, ती गुंडाळून पोत्यांमागं उभी आहे. सून रोज विचारते, "जाळी कधी ठोकायची?" मी म्हणते, "खिळे न्हाईत." तिनं हे आप्पाच्या बायकोला सांगितलं असावं, कारण परवा आप्पानं खिळ्यांची पुडी पाठवून दिली, न मागता. पुडी मी गल्ल्यात ठेवली आहे. सकाळी गल्ला उघडला की ती हाताला लागते. मी ती बाजूला सारते आणि त्याची गादीवर चादर घालून व्हायच्या आत मागची खिडकी उघडायला जाते.